सोमवारची मोजणी

४ नोव्हेंबर

मामा,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, असं आईनं तीनदा बजावलंय. तेव्हा केला असं समज. फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र.

नोकरीला लागून आज महिना झाला. पंचेचाळीस देशांनी मिळून चालवलेली संस्था, म्हणून पहिल्या दिवशी मी नवे बूट घालून गेले होते. ते दुपारपर्यंत असे चावले की संध्याकाळी अनवाणी जिना उतरले. आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. चार टेबलं, भिंतभर लोखंडी कपाटं. खिडकीत कोरफडीची एक कुंडी आहे. दुसऱ्या कुणीतरी पाणी घातलं असेल असं समजून तिला कुणीच पाणी घालत नाही, आणि बहुतेक म्हणूनच ती जगली आहे.

काम काय, ते तुला निराळं सांगायला नको. थंडीत एका ठरलेल्या रविवारी सकाळी पंचेचाळीस देशांतली माणसं आपापल्या पाण्यावरचे पक्षी मोजतात. एकाच दिवशी, कारण आज इथे मोजलेला पक्षी उद्या दुसरीकडे जाऊन पुन्हा मोजला जायला नको. त्यांचे फॉर्म आमच्याकडे येतात आणि मी ते तक्त्यात चढवते. मोजणारे कोण कोण आहेत म्हणशील, तर होडीवाले आहेत, दातांचे डॉक्टर आहेत, एक तुरुंगातले निवृत्त पहारेकरी आहेत. ते फॉर्मच्या मागे हवामानाची तक्रार लिहितात, जशी काही आम्हीच हवा पाठवतो. या कामाचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, तरी सगळे फॉर्म वेळेवर येतात. मला याचं रोज नवल वाटतं.

आणि परवा तुझे फॉर्म हाताला लागले. अकरा वर्षांचे अकरा. ‘व्यवसाय’ या रकान्यात तू ‘तळ्याचे दरवाजे उघडणे व बंद करणे’ असं लिहिलंयस. मी सगळ्यांना दाखवत फिरले. म्हटलं, हे माझे सख्खे मामा.

तुझी,
खारू


१५ नोव्हेंबर

खारे,

पत्र पोचलं. लहानपणी तू माझ्या खिशातले शेंगदाणे पळवून उशीखाली साठवायचीस, आता कागद साठवायची नोकरी धरलीस. खारूताई हे नाव मी उगीच ठेवलं नव्हतं.

तुझ्या संस्थेबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. ही मोठी मंडळी विमानानं एकत्र जमतात, गळ्यात पट्ट्या अडकवतात, निसर्गाची काळजी करतात आणि बिस्किटं खाऊन घरी जातात. मी मोजतो ते त्यांच्यासाठी नाही. मोजतो कारण करकोचे मला आवडतात, आणि तुझ्या मामीला आवडायचे. अकरा वर्षांत तुमच्याकडून एकदा प्रशस्तिपत्र आलं, ‘रविवारच्या मोजणीतील निष्ठेबद्दल’. मामीनं त्याला काच बसवून ते दारासमोर टांगलं. मी काढ म्हटलं तर म्हणाली, असू दे, पाहुण्यांना बोलायला विषय होतो. तिला जाऊन मार्चमध्ये चार वर्षं होतील. पाहुणे आता येत नाहीत, पण ते टांगलेलंच आहे.

आता कामाचं. पाणी-मंडळाचे साहेब गेल्या आठवड्यात नकाशा घेऊन आले होते. तळ्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग उपसून तिथे गोदामं बांधायची आहेत. तो भाग म्हणजे उथळ पाणी. करकोचे उभे राहतात ते तिथेच, बाकीचं तळं त्यांच्या पायांना खोल पडतं. मी म्हटलं, साहेब, मग पक्षी कुठे जातील? तर ते हसले आणि तुमच्या संस्थेचा छापील अहवालच माझ्यासमोर धरला. म्हणाले, “डोंगरापलीकडच्या तळ्यावर चार हजार आहेतच. तुमचे चार हजार तिकडे जातील. त्यांना कुठे पासपोर्ट लागतो?”

पलीकडचं तळं सरहद्दीपलीकडे आहे. तिकडे आपला फोन लागत नाही, टपाल जात नाही. तिकडे कोण मोजतं हेही मला माहीत नाही.

मी एकतीस वर्षं या तळ्याचे दरवाजे सांभाळतोय, खारे. ते अर्धं झालेलं मला बघायचं नाही. तुझ्या त्या मोठ्या संस्थेला काही करता येतं का, एवढंच विचारून कळव. बिस्किटं खाऊन झाल्यावर विचारलंस तरी चालेल.

मामा


२७ नोव्हेंबर

मामा,

बिस्किटं फक्त बुधवारी असतात, आणि तीही मऊ पडलेली.

तुझं पत्र मी टाचणीबाईंना वाचून दाखवलं. या आमच्या विभागाच्या प्रमुख. कागदाला भोक पाडणं त्यांना आवडत नाही, म्हणून सगळं टाचणीनं जोडतात आणि चारपाच टाचण्या कायम बाहीवर खोचलेल्या असतात. मी विचारलं, आपण हे थांबवू शकतो का? त्या म्हणाल्या, नाही. मला धक्काच बसला. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. संस्था कुणाला हुकूम सोडू शकत नाही. तिच्याकडे पोलीस नाहीत, दंड नाही, कुलूपसुद्धा नाही. तिच्याकडे फक्त त्या त्या देशानं स्वतः सही करून दिलेला शब्द असतो. तो जपून ठेवायचा आणि वेळ आली की समोर धरायचा, एवढंच तिचं काम.

मग त्यांनी एक कपाट उघडून दाखवलं. आतली सगळी पत्रं एकाच सामुद्रधुनीबद्दलची. तिथून जाणारी तेलाची जहाजं एका बेटाला खेटून जायची आणि त्या बेटावर समुद्रपक्षी अंडी घालतात. जहाजांचा रस्ता नऊ मैल सरकवावा म्हणून या ऑफिसनं सव्वीस वर्षं पत्रं लिहिली. लिहिणारे तिघं त्या दरम्यान निवृत्त झाले. शेवटचं उत्तर एका ओळीचं आहे, ‘रस्ता बदलला आहे.’ मामा, मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. असं सव्वीस वर्षं चिकाटीनं कुणी एखाद्या बेटाच्या मागे लागेल, हे मला खरंच वाटलं नव्हतं.

तर तुझ्या तळ्याचं असं आहे. पाणी-मंडळानं मंत्रालयाला विचारलं आणि मंत्रालयानं आम्हाला. पूर्वेकडचा भाग गेला तर करकोच्यांना धोका आहे का? उत्तर वीस जानेवारीच्या आत जायला हवं आणि मसुदा मलाच करायचाय. अडचण आकड्यांची आहे. राखी मानेचे करकोचे हिवाळ्यात जगात फक्त या दोन तळ्यांवर येतात, तुझे चार हजार आणि पलीकडचे चार हजार. आमच्या तक्त्यात पाच हजारांच्या वर असलेली जात ‘ठीक’ समजतात. ते पाचाच्या खाली असते तर आम्हाला जोर लावून बोलता आलं असतं.

पलीकडे कोण मोजतं ते मात्र मला कळलं. भूगोल शिकवणाऱ्या एक मास्तरीणबाई आहेत. तुमची सरकारं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण तुझा फॉर्म आणि त्यांचा फॉर्म माझ्या ट्रेमध्ये एकावर एक पडून असतात. आकड्यांची गंमत सांगते. गेल्या वर्षी तुझे ४११२, त्यांचे ४१३१. त्याआधी तुझे ३९५०, त्यांचे ३९६८. त्याच्याही आधी एका वर्षी दोन्हीकडे एकदम सहाशे कमी झाले. जुळ्या भावंडांना एकदम ताप यावा तसं. छान आहे ना?

खारू


९ डिसेंबर

खारे,

पत्र मिळालं. इकडे थंडी पडली आहे. तिसऱ्या दरवाजाचं चाक गंजलंय, त्याला तेल दिलं. माझा गुडघा ठीक आहे.

त्या मास्तरीणबाई मोजणीला कधी जातात? रविवारीच जातात, हे नक्की का? सहज विचारतो.

आकड्यांच्या तू फार मागे लागू नकोस. आकडे काय, कमीजास्त व्हायचेच.

मामा


२० डिसेंबर

मामा,

तुझं एवढंसं पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. तळ्याबद्दल एक अक्षर नाही, टोमणा नाही, बिस्किटं नाहीत. ज्याला तळं अर्धं झालेलं बघवत नाही तो माणूस मला गंजलेल्या चाकाबद्दल लिहितो.

मास्तरीणबाई रविवारीच जातात. त्यांनी फॉर्मवर वेळसुद्धा टाकलेली असते, सात चाळीस, आठ पाच, अशी. तू वेळ कधीच टाकत नाहीस. हे मला आता दिसलं.

आता रागावू नकोस. तूच मला शिकवलंस, मनात ठेवून कुढण्यापेक्षा तोंडावर विचारावं. मामी गेल्यापासून तू घराबाहेर फारसा पडत नाहीस, असं आई म्हणते. मग ही मोजणी तू खरंच करतोस का? की मागच्या वर्षीचा आकडा थोडा वरखाली करून घरी बसून भरतोस? तसं असेल तर मी समजू शकते. पण वीस जानेवारीला मला उत्तर लिहायचंय, आणि तुझा आकडा खरा धरून लिहायचंय. तक्ता म्हणतो आठ हजार, म्हणजे धोका नाही. मी तसं लिहिलं की गोदामं होणार. म्हणून विचारते.

उत्तर नक्की दे.

खारू


२ जानेवारी

खारे,

आधी रागाचं बोलून घेतो. घरी बसून आकडे भरणारा मी माणूस नाही. तुझं पत्र वाचून मी ते टेबलावर आपटलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी परत वाचलं तेव्हा लक्षात आलं, तुझा संशय चुकला, पण संशय आला हे बरोबरच होतं. मी जे केलंय ते त्याहून वाईट आहे.

मी रविवारी मोजत नाही. कधीच मोजलं नाही. मी सोमवारी मोजतो.

तुझी मामी वॉर्डात नर्स होती हे तुला माहीत आहे. तिला रविवारी ड्यूटी असायची आणि सुट्टी सोमवारी. पहिल्या वर्षी तुमचा फॉर्म आला तेव्हा ती म्हणाली, मलाही यायचंय. मग सोमवारीच जाऊ, म्हटलं. मी दुर्बिणीतून शंभराशंभराचा एक गठ्ठा धरायचो आणि “झाले” म्हणायचो. ती डब्यातलं एक बटण उचलून कोटाच्या खिशात टाकायची. शेवटी खिसा उलटा करून बटणं मोजायची आणि वहीत लिहायची. अकरापैकी आठ वर्षं हे असं चाललं. वर्षातली ती एक सकाळ आमची दोघांची होती. तिच्या माघारी मी रविवारी जाऊ शकलो असतो. पण माझे पाय सोमवारीच निघायचे.

फॉर्मवर मात्र मी ठरलेला रविवार लिहायचो. दुसऱ्या दिवसाची मोजणी घेत नाहीत, असं तुमच्या सूचनेत होतं. मामीनं पहिल्याच वर्षी हटकलं होतं. म्हणाली, “एका दिवसाचा काय फरक पडतो हे तुला माहीत नाही, म्हणूनच खरा दिवस लिही.” मी म्हटलं, पक्ष्यांना रविवार-सोमवार कुठे कळतो? तिनं तिच्या वहीत खरी तारीख लिहिली. दरवर्षी लिहिली. गेल्या तीन वर्षांच्या मी लिहिल्या, वहीशी खोटं बोलवेना म्हणून.

आता ऐक. मंडळाच्या नियमानं मी दर रविवारी संध्याकाळी दरवाजे उघडून कालव्यात पाणी सोडतो. सोमवारी सकाळी पूर्वेकडे पाणी वीतभर उतरलेलं असतं, चिखल उघडा पडतो, आणि करकोचे थव्यानं येतात. मग आठवडाभरात तळं भरत जातं. शनिवार-रविवार इथे फारसं कुणी नसतं. मला वाटायचं, शेतात चरायला पांगत असतील. तू जुळ्या भावंडांचं लिहिलंस तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. ते शेतात जात नाहीत, खारे. ते डोंगर ओलांडून पलीकडे जातात. रविवारी सकाळी मास्तरीणबाई त्यांना मोजतात. संध्याकाळी मी दरवाजे उघडून त्यांना इकडे जेवायला बोलावतो, आणि सोमवारी तेच पक्षी पुन्हा मोजतो.

आठ हजार नाहीतच. चारच हजार आहेत. एकच कुटुंब आहे आणि त्याच्या दोन चुली आहेत. ते साहेब म्हणत होते, जातील पलीकडे. पलीकडे तर ते आहेतच. माझ्या अकरा वर्षांच्या खोट्या तारखेच्या जोरावरच ते हे म्हणू शकले.

गेला महिना मी हे कुणालाही न सांगता काढला. तुझ्या संस्थेत मला खोटारडा म्हणतील याची भीती होतीच, पण खरं सांगू, मामीची ती सकाळ कुणी परक्यानं चूक म्हणून खोडलेली मला सोसली नसती. मग काल तिची वही उघडली. तिच्या बाजूनं काही खोडण्यासारखं नाहीच, सगळ्या तारखा खऱ्या आहेत. खोटं फक्त माझ्या अक्षरात आहे.

वही सोबत पाठवतो आहे. भिंतीवरचं प्रशस्तिपत्रही काढून पार्सलात घातलंय. काच फुटू नये म्हणून स्वेटरमध्ये गुंडाळलीय, स्वेटर तू ठेवून घे. टाचणीबाईंना सगळं सांग. काही लपवू नकोस.

मामा


१६ जानेवारी

मामा,

आधी माफी मागते. तू घरी बसून आकडे भरतोस असं मला वाटलं, याची मला लाज वाटते.

पार्सल घेऊन मी टाचणीबाईंच्या टेबलापाशी गेले. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग मामीची वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली, मधेच तीन फोन आले ते घेतले नाहीत. मी उभीच होते. मला वाटलं, आता मामाचं नाव यादीतून काढणार. वही मिटून त्या म्हणाल्या, “चुकलेले फॉर्म या कपाटात शेकड्यांनी आहेत. चूक कुठे झाली ते लिहून ठेवणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं.” आणि मला चहा सांगायला पाठवलं. मी परत आले तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या आणि कोरफडीला पाणी घालत होत्या.

पुढचं सोपं नव्हतं. अकरा वर्षांचे अहवाल संस्थेच्या नावानं छापलेले आहेत. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, यंदापासून आकडा गुपचूप सुधारू, बोभाटा कशाला? टाचणीबाईंनी ऐकून घेतलं, आणि मला लिहायला बसवलं. पत्र पंचेचाळीसच्या पंचेचाळीस देशांना गेलं. पहिलं वाक्य त्यांचंच आहे, ‘आमचा आकडा चुकला आहे आणि तो कसा चुकला हे आम्ही सोबत कळवत आहोत.’ तुझं नाव त्यात नाही. चूक संस्थेनं स्वतःकडे घेतली आहे. नुसता दिवस सांगितला आणि वेळ, हवा, पाण्याची पातळी विचारली नाही, ही चूक फॉर्मची आहे, असं त्या म्हणतात.

तुमच्या मंत्रालयाला कळवलंय की फेरमोजणी होईपर्यंत आम्ही धोका नाही असं म्हणू शकत नाही. फेरमोजणी दोन्ही तळ्यांवर एकदमच व्हायला हवी, रविवारीही आणि सोमवारीही. तुमची दोन सरकारं एकमेकांना पत्र लिहीत नाहीत. पण दोघांनीही आमच्या कागदावर सही केलेली आहे आणि आम्हाला दोघंही उत्तर देतात. दोन्ही होकार एकाच दिवशी आले. टाचणीबाईंनी ते एकाच टाचणीनं जोडले.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार आणि सोमवार. आमचा एक माणूस तुझ्याकडे येईल, एक पलीकडे. मोजणार तूच आहेस. टाचणीबाईंनी तसं स्पष्ट लिहिलंय.

प्रशस्तिपत्र अजून त्यांच्या टेबलावर आहे. परत देत नाहीत, फेकतही नाहीत. स्वेटर मी घातलाय.

खारू


१५ फेब्रुवारी

खारे,

मोजणी झाली. अंगात ताप आहे, तरी लगेच लिहितो.

तुमचा माणूस मला वाटला गाडीतून उतरेल. तो सिमेंटच्या ट्रकमधून आला, ड्रायव्हरशेजारी बसून, पायात गमबूट आणि हातात थर्मास. पहिल्याच तासात चिखलात कंबरेपर्यंत फसला. मी ओढून काढला तर म्हणाला, आभारी आहे, आता इथली खोली कळली, आणि लिहूनही घेतली. दोन दिवस माझ्याबरोबर उभा राहिला. एकदाही घड्याळ बघितलं नाही, एकदाही मला शिकवलं नाही. या लोकांबद्दल मी आयुष्यभर जे बोललो त्यातलं बरंचसं मागे घेतो. बिस्किटांचं तेवढं राहू दे.

रविवारी पहिल्यांदाच मोजायला गेलो. घरातून निघताना चुकल्यासारखं होत होतं, मामीला न सांगता कुठेतरी निघालोय असं. तळ्यावर सतरा करकोचे. सतरा, खारे. बाकी नुसतं पाणी. इतकी वर्षं मी हे रविवारी सकाळी घराच्या खिडकीतून बघत होतो आणि मला त्याचा अर्थ कळत नव्हता.

संध्याकाळी दरवाजे उघडले. सोमवारी उजाडताना ते डोंगरावरून आले. रांगांमागून रांगा येतच राहिल्या. गमबूटवाला टोपी काढून उभा राहिला. मग त्यानं विचारलं, गठ्ठे कोण लिहून घेणार? मी त्याच्या हातात बटणांचा डबा दिला आणि मामीची रीत सांगितली. त्यानं एकही चुकवलं नाही. शेवटी खिसा उलटा केला तेव्हा चाळीस बटणं निघाली, वर शहाऐंशी पक्षी. म्हणजे ४०८६. बटणं परत डब्यात भरताना त्यानं विचारलं, हे कुणाचं? मी सांगितलं. त्याच्यापुढे डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पलीकडे काय निघालं ते कळव. मला माहीत आहे, तरी कळव.

मामा


३० मे

मामा,

पलीकडे रविवारी ४०९१ आणि सोमवारी बारा.

हे तुला फेब्रुवारीतच फोनवर सांगितलं होतं आणि तू ‘बरं’ म्हणाला होतास. बाकीचं कागदावर येईपर्यंत थांबले. काल आलं. जगात चार हजार आणि थोडेच करकोचे आहेत, हे आता पंचेचाळीस देशांच्या बैठकीनं मान्य केलंय. तुमच्या मंत्रालयानं पाणी-मंडळाला कळवलंय, पूर्वेकडचा भाग आहे तसाच राहील. गोदामं दुसरीकडे बांधणार. आणि दोन्ही तळी यादीत आता वेगवेगळी नाहीत. एकच नोंद आहे, एकच क्रमांक, आणि सरहद्द तिच्या मधून जाते. टाचणीबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत अशी नोंद त्यांनी पहिल्यांदा केली. बैठकीत त्यांनी दोन्ही देशांच्या माणसांना शेजारी बसवलं होतं. ते एकमेकांशी बोलले नाहीत, पण सही एकाच पेननं केली, कारण दुसऱ्याचं पेन चालेना.

फॉर्मही बदललाय. ‘ठरलेल्या दिवसाखेरीज इतर दिवशी काय दिसले’ असा नवा रकाना आहे.

सोबत दोन गोष्टी. एक तुझं प्रशस्तिपत्र. काच शाबूत आहे, आतला कागद नवा आहे, वाचून बघ. दुसरी म्हणजे मास्तरीणबाईंचं पत्र. तिकडून तुमच्याकडे थेट टपाल येत नाही, म्हणून त्यांनी ते आमच्याकडे पाठवलं.

खारू


(सोबतचे पत्र)

पलीकडच्या दरवाजेवाल्यांस,

तुमची हकिगत मला संस्थेकडून कळली. तुम्ही परवानगी दिलीत असं तिथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, नाहीतर मी वाचली नसती.

मलाही एक कबूल करायचं आहे. माझ्या शाळेचा रस्ता तळ्यावरून जातो. दर सोमवारी सकाळी आमचं तळं रिकामं असतं. मला हे बारा वर्षं माहीत होतं. फॉर्मवर सोमवारचा रकाना नव्हता, म्हणून मी ते कधी लिहिलं नाही. तुम्ही दिवस चुकीचा लिहिलात आणि मी दिसलेलं लिहिलंच नाही. आपण दोघांनी मिळून ही चूक केली आहे.

वर्गातली मुलं विचारायची, बाई, करकोचे सोमवारी कुठे जातात? मी सांगायची, कुणाकडे तरी जेवायला गेलेत. ते खरं निघालं, हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना इतकी वर्षं जेवू घातलंत, त्याबद्दल तुमचे आणि तुमच्या पत्नींचे आभार.

भूगोलाची शिक्षिका


२४ नोव्हेंबर

खारे,

उन्हाळ्यात तुला उत्तर लिहिलं नाही. चारदा बसलो आणि चारदा उठलो.

प्रशस्तिपत्र परत त्याच खिळ्यावर लावलंय. ‘सोमवारच्या मोजणीतील निष्ठेबद्दल’ असं छापलंय, आणि खाली आधी तुझ्या मामीचं नाव आहे, मग माझं. असाच क्रम हवा होता. टाचणीबाईंना सांग, मामी असती तर तिनं त्यांना घरी बोलावून हा खिळा दाखवला असता. आता मीच बोलावतो. ट्रकमधून आल्या तरी चालेल.

पहिले करकोचे गेल्या आठवड्यात आले. रविवारी संध्याकाळी मी दरवाजे उघडले, आणि सोमवारी सकाळी ते डोंगरावरून उतरले. यंदा पिल्लं बरीच दिसतात. मोजली नाहीत, मोजणीला अजून अवकाश आहे. आता दोन्ही दिवस मोजेन. रविवारी एकटा, सोमवारी बटणं घेऊन.

मास्तरीणबाईंना माझ्याकडून एवढंच पोचव. सगळे सुखरूप पोचले, जेवताहेत. रविवारच्या आत परत पाठवतो.

मामा